सलामतीच्या शर्तीवर

शहरातल्या रस्त्याची अगदी डावी कड, जिथे डांबर संपते आणि माती, गटारांची झाकणे, उभ्या करून ठेवलेल्या गाड्या सुरू होतात, तो हात-दीड हात रुंदीचा पट्टा आजवर सायकलस्वाराचा होता. तो त्याला कुणी दिलेला नव्हता. मोटारी, बस, ट्रक आणि पेट्रोलच्या दुचाक्या यांनी आपापला वाटा घेतल्यावर जे उरले ते त्याच्या पदरी पडले. गेल्या काही वर्षांत या उरलेल्या पट्ट्यातही एक नवा भागीदार आला आहे. बॅटरीवर चालणारी, ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतली, नंबरप्लेट नसलेली, आवाज न करणारी स्कूटर. पाठीवर चौकोनी पिशवी अडकवलेली मुले तिच्यावरून सामान पोहोचवीत दिवसभर फिरत असतात. पुण्यात कोंढव्यापासून कोथरूडपर्यंत कुठेही उभे राहिले तरी त्या दिसतात.

या दोघांची टक्कर झाली तर कोण कोणाचे काय देणे लागतो? प्रश्न वरवर पाहता विमा कंपन्यांचा आणि वकिलांचा वाटतो. आम्हाला तो त्याआधीचा वाटतो. ज्याच्या मनात कुणाला इजा करण्याचा हेतू नव्हता, ज्याने कायद्याचे एकही कलम मोडले नाही, त्याच्या हातून दुसऱ्याचे हाड मोडले तर त्याच्यावर काही देणे उरते का? उरत असेल आणि ते फेडण्याची त्याची ऐपत नसेल, तर ते कोणी फेडायचे?

पुण्याला एकेकाळी सायकलींचे शहर म्हणत. त्या काळी सायकलही निनावी नव्हती. नगरपालिका सायकलीवर कर घेई आणि तो भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा बिल्ला देई. रात्री दिव्याविना किंवा डबलसीट जाताना पोलिसाने धरले तर दंड होई. जुन्या पिढीतल्या बहुतेकांच्या आठवणीत असा एखादा दंड असतोच आणि तो ते हसत सांगतात. पुढे बिल्ले गेले, सायकलीही गेल्या. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर हा बीआरटीचा मार्ग सुरू झाला तेव्हा त्याच्या कडेने सायकलमार्ग बांधले गेले. त्यांवर गाड्या उभ्या राहू लागल्या, हातगाड्या लागल्या, आणि ज्याच्यासाठी ते बांधले तो पुन्हा डांबराच्या कडेला आला. २०१७ मध्ये शहराचा सायकल आराखडा झाला. त्याच सुमारास भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली चौकाचौकांत उभ्या राहिल्या आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशाही झाल्या.

हौशी सायकलस्वार आहेत, रविवारी सिंहगडाकडे जाणारे, हेल्मेट आणि चकाकणारे जाकीट घातलेले. आम्ही ज्याच्याविषयी लिहितो आहोत तो दुसरा. तो पाववाला आहे, वॉचमन आहे, बांधकामावरचा मजूर आहे, पेपर टाकणारा आहे, सकाळच्या पाळीला जाणारा कामगार आहे. त्याची सायकल जुनी असते, ब्रेक एकाच बाजूचा लागतो आणि आरसा नसतो. ती दुरुस्त करणारा बहुधा आमच्यातलाच असतो. अलीकडे 'पंक्चरवाला' हा शब्द शिवीसारखा आमच्या तोंडावर फेकला जातो, त्याविषयी इथे एवढेच म्हणू की कष्टकऱ्याला वेळेवर कामावर पोहोचवणारा हा धंदा आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

आरसा नसलेला सायकलस्वार कानांनी रस्ता पाहतो. मागून ट्रक येतो आहे, रिक्षा येते आहे, बुलेट येते आहे, हे त्याला मान न वळवता कळते. इंजिनाच्या आवाजावरून तो अंतर आणि वेग ओळखतो आणि खड्डा चुकवायला किती उजवीकडे सरकता येईल याचा हिशेब करतो. हे शिक्षण त्याला वर्षानुवर्षांच्या सवयीने मिळालेले असते. बिनआवाजाच्या स्कूटरने ते एका फटक्यात निरुपयोगी केले. गोंगाट कमी झाला, धूर गेला, हे चांगलेच झाले. पण ज्याने त्या गोंगाटाचा उपयोग जीव वाचवण्यासाठी केला होता, त्याला विचारून ही शांतता आलेली नाही.

वेगाचेही तसेच. ताशी पंचवीस किलोमीटर म्हणजे मोटारवाल्याला रांगणे वाटते. सायकलवाला मात्र बारा-तेराच्या गतीने चाललेला असतो. सायकलीसकट त्याचे वजन ऐंशी किलो धरले आणि स्कूटर, बॅटरी व चालक मिळून एकशे पस्तीस किलो धरले, तर धडकेच्या वेळी स्कूटरच्या अंगात सायकलीच्या सहा ते सातपट जोर असतो. कारण वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, आणि वजनाची भर वेगळी. कागदोपत्री दोन्ही 'मोटार नसलेली' वाहने. रस्त्यावर ती बरोबरीची नाहीत.

हे कागद काय म्हणतात तेही पाहू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने मोटार वाहनाची व्याख्या करतानाच चारपेक्षा कमी चाकांची, २५ सीसीपर्यंतच्या इंजिनाची वाहने वगळली. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी पुढे बॅटरीवरच्या वाहनांसाठी तशीच सवलत ठेवली. मोटरची ताकद पाव किलोवॉटच्या आत, वेग ताशी पंचवीसच्या आत, बॅटरी सोडून वजन साठ किलोपर्यंत, नीट ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक, आणि चाचणी संस्थेचा दाखला, एवढे असले की ते मोटार वाहन समजायचे नाही. मोटार वाहन नाही म्हणून नोंदणी नाही, नंबर नाही, परवाना नाही, वयाची अट नाही आणि विमाही नाही. (यातल्या काही गाड्यांचा वेगावरचा बंध दुकानातच सोडवून मिळतो हे सर्वांना ठाऊक होते. मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन खात्याने अशा फेरफार केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीम उघडली तेव्हा ते अधिकृतपणेही कळले.)

आमच्या ओळखीतल्या एका पाववाल्याची हकीकत सांगायला हवी. पहाटे बेकरीतून माल घेऊन तो निघाला होता. दोन्ही बाजूंना पिशव्या लटकवलेल्या. झाकण उचकटलेले गटार चुकवण्यासाठी तो थोडा उजवीकडे सरकला आणि मागून येणारी भाड्याची स्कूटर त्याच्यावर आली. मुलगा एकोणीस वर्षांचा. तो पळाला नाही, हे आधी सांगितले पाहिजे. त्यानेच रिक्षा थांबवली, त्यानेच दवाखान्यात नेले आणि पुन्हा पुन्हा एवढेच म्हणत राहिला, "चाचा, तुम्ही वळाल असं वाटलंच नाही." मनगटाचे हाड मोडले होते. सहा आठवडे प्लास्टर. पाववाल्याला दोन हात लागतात. एका हाताने सायकल सांभाळता येत नाही आणि पावाची पिशवी तर मुळीच नाही.

चौकीत पहिला प्रश्न आला तो गाडीच्या नंबरचा. नंबर नव्हता. मग विमा विचारला गेला, तोही नव्हता. लिहिण्यासारखे फार काही उरले नाही. मोहल्ल्यातल्या चार मोठ्या माणसांनी मध्यस्थी करून समझोता केला. मुलाने महिन्याला हजार रुपये द्यायचे ठरले, चार महिने त्याने ते दिलेही. बाकीचे मशिदीबाहेर चादर फिरवून आणि दोन-तीन दुकानदारांकडून जमवले. पुढे कळलेली गोष्ट आम्हाला अजून सलते. स्कूटरचा पुढचा दिवा आणि मडगार्ड फुटले म्हणून भाड्याने देणाऱ्या कंपनीने मुलाच्या अनामतीतून पैसे कापून घेतले होते. ज्या कंपनीचे सामान तो पोहोचवीत होता तिने त्याच्या नावे अपघात विमा काढलेला होता, म्हणजे तो स्वतः जखमी झाला असता तर काही मिळाले असते. यंत्राची काळजी घेतली गेली होती, यंत्र चालवणाऱ्याचीही थोडीफार घेतली गेली होती. रस्त्यात आडव्या आलेल्या तिसऱ्या माणसाचा मात्र कुणाच्याच वहीत उल्लेख नव्हता.

आता कायद्याची गंमत पाहा. गंमत हा शब्द बरा नाही, पण दुसरा सुचत नाही. हाच पाववाला एखाद्या पेट्रोलच्या स्कूटरखाली आला असता तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाऊ शकला असता. गाडीचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेतानाच तो पाच वर्षांचा काढावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनुसार चूक कोणाची हे सिद्ध न करताही गंभीर इजेसाठी अडीच लाख आणि मृत्यूसाठी पाच लाख मागण्याची तरतूद झाली, आणि ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. धडक देणारा पळून गेला तरी त्याच तारखेपासून गंभीर जखमीला पन्नास हजार आणि मृताच्या वारसांना दोन लाख मिळू शकतात. हे सारे मोटार वाहनाने घडलेल्या अपघातासाठी. कमी वेगाच्या स्कूटरने पाडले तर न्यायाधिकरणाचे दार बंद. उरतो दिवाणी न्यायालयातला दावा, म्हणजे पाववाल्याने एकोणीस वर्षांच्या मुलावर वर्षानुवर्षे खटला चालवायचा आणि जिंकलाच तर वसूल काय करायचे, त्याचा मोबाइल?

फौजदारी कायद्याला मात्र ही अडचण नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि बेदरकारपणे वाहन हाकण्याच्या गुन्ह्यात वाहन मोटारच असले पाहिजे असे नाही. म्हणजे मुलाला तुरुंगात धाडण्याची सोय आहे, पाववाल्याचे पोट भरण्याची नाही. शिक्षा म्हणजेच न्याय, अशी एक समजूत आपल्या समाजात, सर्वच समाजांत, खोल रुजलेली आहे. टक्कर झाली की जमाव आधी चूक कोणाची ते ठरवतो आणि लगेच हात उगारतो. जखमीला पुढच्या महिन्यात काय लागेल हा विचार जमावाच्या डोक्यात नसतो आणि बहुधा कायद्याच्याही नसतो.

बाहेरच्या देशांनी हा प्रश्न वेगवेगळ्या टोकांनी धरला आहे. ब्रिटनने उभे राहून चालवायच्या विजेच्या स्कूटरला मोटार वाहनच मानले. खासगी स्कूटरला विमा आणि नोंदणी मिळण्याची व्यवस्था नसल्याने ती सार्वजनिक रस्त्यावर आणणे तिथे बेकायदा ठरते. २०२० पासून काही शहरांत फक्त भाड्याच्या, विमा असलेल्या स्कूटरींना प्रयोग म्हणून मुभा मिळाली. जर्मनीने जून २०१९ मध्ये त्यांना रस्त्यावर येऊ दिले, पण वेग ताशी वीस ठेवला आणि मागे विम्याचा छोटा फलक सक्तीचा केला. पॅरिसने २ एप्रिल २०२३ रोजी मतदान घेतले. मतदार आठ टक्केही आले नाहीत, पण आलेल्यांपैकी ८९ टक्क्यांनी भाड्याच्या स्कूटरी नकोत म्हटले आणि सप्टेंबरपासून त्या गेल्या. आपण मोटार वाहन नाही म्हणून विमा नको असे ठरवले, ब्रिटनने विमा नाही म्हणून रस्ता नको असे ठरवले. आम्हाला ब्रिटनचा निकाल कठोर वाटतो आणि आपला बेफिकीर.

याहून महत्त्वाचा आम्हाला फ्रान्सचा ५ जुलै १९८५ चा कायदा वाटतो. तो त्या वेळचे न्यायमंत्री रोबेर बादँतेर यांच्या नावाने ओळखला जातो. मोटारवाहनाने पायी चालणाऱ्याला किंवा सायकलस्वाराला इजा झाली तर जखमीची साधी चूक त्याच्या भरपाईच्या आड येत नाही. अक्षम्य अशी चूक असेल तरच येते, आणि सोळा वर्षांखालच्या मुलाच्या व सत्तरीवरच्या वृद्धाच्या बाबतीत तीही येत नाही. नेदरलँड्समध्येही मोटारीची धडक बसलेल्या चौदा वर्षांखालच्या सायकलस्वाराला पूर्ण भरपाई आणि मोठ्याला किमान निम्मी, असा दंडक आहे. यामागचा विचार असा की जो अधिक वजन आणि अधिक वेग घेऊन रस्त्यावर उतरतो, तो उतरतानाच एक कर्ज डोक्यावर घेऊन उतरतो. तो वाईट आहे म्हणून हे कर्ज नाही. तो जड आहे म्हणून आहे.

हा विचार फ्रान्सने किंवा नेदरलँड्सने प्रथम केला असे मानायचे कारण नाही. बाराव्या शतकात फरगाना खोऱ्यातल्या मर्गिनानच्या बुऱ्हानुद्दीन अल-मर्गिनानी यांनी लिहिलेला 'हिदाया' हा हनफी फिक्हचा ग्रंथ भारतीय मुसलमानांना निदान नावाने माहीत असतो. १७९१ साली चार्ल्स हॅमिल्टन याने केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर कंपनी सरकारच्या न्यायालयांसाठी प्रसिद्ध झाले होते. त्यात रस्त्यावरच्या इजांचा स्वतंत्र विचार आहे. घोडा समोरच्या पायाने कुणाला तुडवतो आणि मागच्या पायाने लाथ मारतो यांत फरक काय, स्वार जबाबदार की लगाम धरून चालणारा, अशा प्रश्नांची तिथे बारकाईने चर्चा आहे. आज वाचताना ती मौजेची वाटते, पण तिच्या मुळाशी एक स्पष्ट तत्त्व आहे. सार्वजनिक रस्त्यावरून जाण्याचा हक्क सर्वांना आहे, पण जे टाळता येण्यासारखे आहे त्यातून दुसऱ्याला इजा होणार नाही या अटीवर. सलामतीच्या शर्तीवर, असे आमच्या बोलीत म्हणता येईल. हक्क आणि शर्त एकाच श्वासात येतात. एकोणिसाव्या शतकात तुर्की खिलाफतीने दिवाणी कायद्याची 'मजल्ला' नावाची संहिता केली, तिच्यातही हे तत्त्व जसेच्या तसे उतरले.

तिथेच दोन स्वारांच्या टकरीचा प्रश्न आहे. दोन घोडेस्वार नकळत एकमेकांवर आदळून दोघेही मेले तर? इमाम जुफर आणि इमाम शाफई म्हणतात, प्रत्येकाच्या मरणात त्याचा स्वतःचा निम्मा वाटा आहे, म्हणून भरपाई निम्मी. हनफी मत असे की रस्त्याने जाणे हे मुळात गैर नव्हतेच, तेव्हा माणसाच्या स्वतःच्या साध्या चालण्याचा दोष त्याच्याच माथी कसा मारायचा? म्हणून दोघांच्या वारसांना पूर्ण भरपाई. पाववाला 'मध्येच वळला' म्हणून निम्मा दोषी, असे जे चौकात सहज म्हटले जाते, त्याला आठशे वर्षांपूर्वीचे हे उत्तर आहे.

ही भरपाई कोणी द्यायची, यात खरी खोली आहे. जाणूनबुजून केलेल्या कृत्याची किंमत गुन्हेगाराने स्वतः मोजायची. नकळत घडलेल्या मृत्यूची भरपाई मात्र त्याच्या 'आकिला'ने, म्हणजे त्याच्या पाठीशी असलेल्या समूहाने, तीन वर्षांत हप्त्याहप्त्याने द्यायची. अरब टोळ्यांत हा समूह म्हणजे भाऊबंद. हजरत उमर यांच्या काळात सैनिकांच्या नावांची आणि तनख्याची नोंदवही, 'दीवान', तयार झाली तेव्हा आकिला रक्ताऐवजी त्या वहीवरून ठरू लागला, असे हनफी फकीह सांगतात. ज्यांची नावे एका वहीत, ते एकमेकांच्या चुकीचे भागीदार. टोळीतून बाहेर पडून शहरात आलेल्या समाजाने आपली जुनी सोय नव्या नोंदवहीवर कशी हलवली, याचे हे उदाहरण आहे.

हे जुने नियम आज उचलून लागू करावेत असे आम्ही सुचवीत नाही. स्त्रीच्या जिवाची भरपाई पुरुषाच्या निम्मी, गुलामाची किंमत बाजारभावाने, असे त्यांत आज मान्य करता येणार नाही असे पुष्कळ आहे. पण एक भेद त्या फकीहांना नीट कळला होता आणि आपल्या हातून तो सुटला आहे. चूक नसणे आणि देणे नसणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तो एकोणीस वर्षांचा मुलगा गुन्हेगार नव्हता. तरीही पाववाल्याचे मनगट हे कुणाचे तरी देणे होते.

विम्याविषयी आमच्या समाजात एक जुना संकोच आहे. दमास्कसचे हनफी फकीह इब्न आबिदीन यांनी एकोणिसाव्या शतकात जहाजांच्या विम्याला नकार दिला, तो नकार अनिश्चिततेचा आणि जुगाराचा अंश त्यात आहे या मुद्द्यांनिशी पुढे चालत राहिला. विसाव्या शतकात मुस्तफा अज-जर्का या सीरियन विद्वानाने उलट बाजू मांडली, आणि तिला आकिलाचाच आधार घेतला. १९८५ मध्ये जेद्दाच्या फिक्ह अकादमीने नफ्याच्या विम्याला नाकारून सहकारी विम्याला मान्यता दिली. या वादात पडण्याचे इथे कारण नाही. आम्हाला एवढेच दिसते की आपल्यातले बहुतेक जण, मुसलमान असोत वा नसोत, गाडीचा तृतीय पक्ष विमा पोलिसासाठी काढतात. नाक्यावर दाखवायचा कागद. ज्याला आपली गाडी लागेल अशा एका अनोळखी माणसासाठी आपण आगाऊ काही बाजूला ठेवतो आहोत, ही त्यातली गोष्ट कुणाच्या मनातही येत नाही. विमा, जबाबदारी, नुकसान, इजा, जामीन, हक्क, रस्ता, हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत येऊन इतके मुरले की ते परके आहेत हे सांगावे लागते. जबाबदार म्हणजे ज्याला जबाब द्यावा लागतो तो. बिननंबरी स्कूटरच्या बाबतीत जबाब विचारायला समोर कोणी उभेच नसते.

यावर एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. विमा, नोंदणी, परवाना मागितला तर आधी कोण रस्त्याबाहेर जाईल? तीच मुले, ज्यांना परवाना काढायला वेळ आणि पैसा नाही, ज्यांच्या घरात मोटारसायकल घेण्याची ऐपत नाही, आणि ज्यांना आठवड्याच्या भाड्याने मिळणारी ही स्कूटर म्हणजे रोजीचे एकमेव दार आहे. आमच्या ओळखीत अशी घरे आहेत जिथे बाप सायकलवर जातो आणि मुलगा या स्कूटरवर. एका घरातले दोन जीव एकाच हातभर पट्ट्यातून जातात. दुबळ्याला दुबळ्यापासून वाचवण्यासाठी दुसऱ्या दुबळ्याची रोटी काढून घ्यायची का?

नाही. पण मुलाची सवलत कायम ठेवायची म्हणून बापाचे मनगट विनामूल्य ठरवायचे, हेही नाही. फिक्हमध्ये एक सूत्र आहे, की लाभ आणि भार एकाच ठिकाणी असावेत, ज्याने फळ खाल्ले त्याने जोखीमही सोसावी. मुलाच्या त्या पहाटेच्या फेरीचे फळ कोणी खाल्ले? स्कूटर भाड्याने देणाऱ्याने खाल्ले, सामान विकणाऱ्या कंपनीने खाल्ले, आणि दूध-अंडी दारात मागवणाऱ्या आम्ही-तुम्ही खाल्ले. गेल्या काही वर्षांत मिनिटांवर मोजलेली घरपोच सेवा शहरांच्या अंगवळणी पडली आहे. जाहिरातीत मिनिटांचा आकडा असो वा नसो, घाई रस्त्यावर येते आणि ती नेमकी डाव्या पट्ट्यात येते. त्या घाईचे गिऱ्हाईक घरात बसलेले असते.

उमर यांच्या काळची वही आज मोबाइलमध्ये आहे. कोणता मुलगा, कोणती स्कूटर, किती वाजता, कोणत्या रस्त्यावर, कोणासाठी, हे सारे तिच्यात मिनिटामिनिटाने टिपलेले असते. ज्या गाडीला पोलिसाकडे नंबर नाही, तिचा ठावठिकाणा कंपनीकडे पावलापावलाला असतो. एका वहीतली नावे एकमेकांची आकिला मानायची, तर या मुलाची आकिला कोण, हे शोधायला फार लांब जावे लागत नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा कामगारांना पहिल्यांदा कायद्यात नाव दिले आणि त्यांच्यासाठी कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यावी अशी तरतूद केली. ती कामगारासाठी आहे आणि असायलाच हवी. ज्याला धक्का लागतो त्याच्यासाठी याच वहीतून काही काढणे अशक्य नाही. मुलाच्या कमाईतून एक पैसा न कापता, इतकीच अट.

स्वतःची स्कूटर असलेल्यांचे काय? घरातली आजीला बाजारात नेणारी, मुलीला क्लासला सोडणारी स्कूटर. पाच वर्षांचा विमा मोटारसायकलीच्या किमतीत विक्रीच्या वेळीच घेतला जातो, तसा तो या गाडीच्याही किमतीत घालता येईल. नोंदणीची, परवान्याची फेरी न घालता. स्वित्झर्लंडमध्ये २०११ पर्यंत सायकललाही वर्षाचा एक स्टिकर चिकटवावा लागे. थोड्या फ्रँकचा तो स्टिकर म्हणजेच सायकलस्वाराचा दायित्व विमा होता. घरोघरी तसा विमा वेगळा असतोच, हे लक्षात आल्यावर तो बंद झाला. आपल्याकडचा पत्र्याचा बिल्ला फक्त कर भरल्याचा होता, त्यामागे जखमीसाठी काही नव्हते.

सायकलस्वाराच्या बाजूने आम्ही इतके बोललो, म्हणून त्याला सारे माफ असे नाही. उलट्या दिशेने येणारी, दिवा नसलेली सायकल रात्री स्कूटरवाल्याचा जीव घेऊ शकते. फुटपाथवरून जाणारी सायकल म्हाताऱ्या माणसाला आडवे करू शकते, आणि तिथे सायकल जड आणि म्हातारा हलका असतो. सलामतीची शर्त तिलाही आहे. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीस्वार ४४ टक्क्यांहून अधिक, पायी चालणारे सुमारे एकोणीस-वीस टक्के आणि सायकलस्वार तीन टक्क्यांच्या आसपास होते. सायकलस्वाराचा आकडा लहान दिसतो तो तो सुरक्षित आहे म्हणून नव्हे, रस्त्यावर तो फारसा उरलेलाच नाही, हेही त्यामागे असणार.

जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत तीन किलोवॉटपर्यंतच्या नोंदणीकृत विजेच्या दुचाकीचा तृतीय पक्ष विमा वर्षाला ४५७ रुपये होता. म्हणजे दिवसाला सव्वा रुपया. पाव किलोवॉटच्या गाडीचा याहून जास्त असण्याचे कारण नाही. एक मुलगा दिवसाला वीस फेऱ्या करीत असेल तर फेरीला सहा-सात पैसे पडतात. आमच्या घरी परवा आलेल्या बिलावर वस्तूंच्या किमतीखाली हाताळणीचे शुल्क होते, घरपोचचे शुल्क होते, पिशवीचे पैसे होते आणि पाऊस पडत होता म्हणून पावसाचेही होते. शेवटी मुलासाठी बक्षिशी द्यायची का, असेही विचारले होते. आम्ही ते बिल दोनदा वाचले. रस्त्यात ज्याला धक्का लागेल त्याच्यासाठी सहा पैशांची ओळ कुठे नव्हती.